पहाडाचं देणं

नागभीड-ब्रह्मपुरीकडच्या माणसाला तलाव दिसल्याशिवाय गाव गाव वाटत नाही. आमच्या झाडीपट्टीत प्रत्येक गावाला एक मामा तलाव, दोन-चार बोड्या आणि त्यांच्या खाली बांध्याबांध्यांनी उतरत गेलेलं धान. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेल्या पाळींवर खेळत आम्ही मोठे झालो. पावसाचं पाणी अडवायचं असतं आणि ते डोळ्यांसमोर असतं, एवढंच मला पाण्याविषयी ठाऊक होतं. अशा मुलखातून शिक्षक म्हणून मी माणिकगडच्या पहाडावर गेलो. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, त्याला फार दिवस झाले नव्हते. माझे सोबती धानोरा-एटापल्लीच्या दाट जंगलात गेले. मला राजुरा तालुक्यातला एक कोलामगुडा, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, मिळाली. जिवती तालुका तेव्हा व्हायचा होता.

चंद्रपूर शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरांवर आहे. गडचांदूर सोडून घाट चढला की माणूस पाचशे मीटरांच्या आसपास पोहोचतो. आकडा ऐकायला लहान आहे, पण चढताना मुलूख पुरता बदलतो. खाली सागवन, बांबू आणि वर्धा-पैनगंगेच्या काठची भारी जमीन. घाटात येन, धावडा, मोवई. उताराच्या खडकांना धरून पांढुरक्या सालीची सालई उभी. आणि वर आल्यावर एकदम उघडं. दूरवर लाटांसारखं वरखाली होत गेलेलं पठार, मध्ये एखादं मोहाचं झाड, एखादं टेंभुर्णीचं झुडूप, काळ्या दगडांच्या राशी आणि त्यांच्या फटीफटीतून उगवलेलं गवत. वाऱ्याला अडवायला काहीच नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर जातो, तेव्हाही पहाडावर रात्री उशिरा अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटतं. श्रावणात ढग शाळेच्या पडवीत येऊन बसतात आणि फळ्यावरचा खडू ओला होतो.

मी पहिल्या दिवशी हे सगळं पाहिलं आणि मला ते ओसाड वाटलं. झाडीतल्या माणसाला तसंच वाटणार. सरकारलाही बरीच वर्षं तसंच वाटत आलं आहे. जिथे दाट झाडं नाहीत आणि नांगर नीट चालत नाही, ती जमीन कागदावर पडीत ठरते. आमच्या जुन्या मध्य प्रांतात अशा उघड्या चराईच्या जमिनीची नोंद झुडपी जंगल म्हणून झाली. त्या जमिनी वनच आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. पण वन म्हटलं की लोक झाडं लावायला धावतात. गवताचा माळ हीच एक पुरी, जुनी, नांदती व्यवस्था असते, हे कुठल्याच रकान्यात मावत नाही. मला ते एका माणसाने शिकवलं.

तो आमच्या गुड्याचा नाईक होता. कोलामांच्या गावाचा कारभार नाईक पाहतो, देवाचं कामही त्याच्याकडे येतं. पहाडावरचे गोंड संख्येने जास्त, त्यांची राजवट इथे होऊन गेलेली. तरी डोंगराच्या, शिवेच्या देवाला पुजायचं तर ते कोलामाला बोलावतात, कारण या जमिनीशी कोलामांची ओळख आपल्या आधीची आहे असं ते मानतात. एका समाजाने दुसऱ्या समाजाचा जमिनीवरचा आधीचा हक्क पूजेच्या मार्गाने इतक्या सरळपणे मान्य केलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. वयाने माझ्या वडिलांएवढा असूनही नाईक मला ‘गुरुजी’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचा. मी त्याला नाईकबाबा म्हणत असे.

पहिल्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी संपलं. पहाडावर पाऊस चांगला पडतो, आमच्या धानपट्ट्याइतकाच. पण तो वर थांबत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक वर आहे आणि त्याच्या खाली त्याहून कितीतरी जुना, समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक. पडलेलं पाणी उतारांवरून धावत सुटतं, उरलेलं भेगांतून खाली जातं. पायथ्याशी अमलनाला, पकडीगुड्डम अशी धरणं आहेत, ती याच पाण्याने भरतात. वरचा माणूस मात्र मार्चपासून घागर घेऊन फिरतो. मी तलाव शोधत होतो. नाईकबाबा मला पठाराच्या कडेला घेऊन गेला, जिथे काळा खडक संपून उतार सुरू होतो. तिथे एक उंबर होतं. त्याच्या खालच्या अंगाला कोरड्या नाल्यात एका ठिकाणी पिवळी फुलपाखरं मातीला चिकटून बसली होती.

“येथं खणा, गुरुजी. हात ओला होते का पाहा.”

मी हाताने माती काढली. कोपरभर खोल गेल्यावर बोटं गार झाली. थोडा वेळ थांबलो तर खळग्यात पाणी जमू लागलं, आधी गढूळ, मग निवळ. झिरा म्हणतात त्याला. नाईकबाबाने कडेने दगड रचले आणि वर पळसाची पानं झाकली. एक घागर भरायला बराच वेळ लागतो, म्हणून बायका तिथे पाळीने बसतात. रात्रीची पाळी म्हातारीला आणि गरोदर बाईला द्यायची नाही, हा गुड्याचा कायदा. जनावरांसाठी खालच्या बाजूला वेगळा झिरा. त्यात माणसाने भांडं बुडवायचं नाही, कारण रात्री रोही आणि अस्वल तिथे येतात आणि पाण्याला माणसाचा वास लागला तर ती दूर जातात. हे सगळं नाईकबाबाने मला नियम म्हणून सांगितलं नाही. मी एकदा बालटी घेऊन खालच्या झिऱ्याकडे निघालो तेव्हा त्याने नुसता हात धरला आणि मग कारण सांगितलं.

त्या पाण्यावर मी कित्येक उन्हाळे काढले. माझी दोन्ही मुलं त्या पाण्यावर वाढली. तलावाच्या पाळीवरचा माझा सगळा अभिमान त्या खळग्यापुढे गळाला असं म्हणणार नाही, तो अजून आहे. पण न दिसणारं पाणी जपणारे लोकही तलाव बांधणाऱ्यांइतकेच कसबी असतात, हे मला तिथे कळलं. त्यांच्या कसबाची पाळ किंवा शिलालेख मागे उरत नाही, म्हणून ते इतिहासात येत नाहीत.

गवताचं शिक्षणही त्याच्याकडेच झालं. मला पूर्वी गवत म्हणजे गवत. पहाडावर कुठे काय उगवतं यावरून जमीन कळते. मारवेल असली की खाली माती आहे, गुरं तिथे आधी धावतात. तिखाडी असली की जमीन कोरडी, मुरमाड. तिला जनावर तोंड लावत नाही, पण बोटांनी चोळली की सुगंध दिवसभर हाताला राहतो. कुसळी सगळीकडे. पोटरीत येण्याआधी ती गुरांना द्यायची, एकदा कुसळं आली की त्यांचा काटा जनावराच्या हिरड्यात आणि माणसाच्या धोतरात शिरतो. दिवाळीनंतर कुसळीच्या माळातून चालत शाळेत येणारी पोरं आधी पडवीत बसून एकमेकांच्या कपड्यांतली कुसळं वेचत, मग हजेरी. नाईकबाबाने एकदा माझ्या तळहातावर एक कुसळ ठेवलं आणि वर झिऱ्याचं पाणी शिंपडलं. ते पीळ उलगडत गोल फिरू लागलं. पहिल्या पावसात असंच फिरत ते बियाला मातीत रोवतं. मी त्यानंतर प्रत्येक वर्गाला विज्ञानाचा पहिला धडा त्या कुसळापासून शिकवला. पुस्तकात तो नव्हता.

पावसाळ्यात हे पठार ओळखू येत नसे. तरोटा, धोपा, सात्या आणि कळकाच्या बेटांतून काढलेले वास्ते यांवर दोन महिने चूल चाले. दगडांच्या मधल्या ओलीत रानहळदीचे तुरे, कुंपणांवर कळलावीची लाल-पिवळी फुलं. टिटवी उघड्यावर चार गोट्यांत चार अंडी घालून बसायची आणि पोरं शाळेची वाट तेवढ्यापुरती बदलायची. रातव्याचंही तसंच, त्याला तर घरटंच नाही. ज्या माळावर झाड नाही तिथे राहणाऱ्याला जमिनीच्या रंगाचं होऊन राहावं लागतं. चंडोल तेवढा वर जाऊन गातो.

कोलाम हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि आमच्या भामरागडकडचे माडिया. कोलामांची भाषा वेगळी, द्रविड कुळातली. गुड्यातली पोरं पहिलीत येत तेव्हा त्यांना मराठी येत नसे आणि मला कोलामी येत नसे. आमची शाळा काही महिने हातवाऱ्यांवर चालली. नंतर मला कळलं की हाच प्रश्न या पहाडाच्या दक्षिणेला फार आधी कुणीतरी हाताळला होता. राजुरा तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोंडांच्या बंडाचा पुढारी कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांची स्थिती पाहायला क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. त्याने मारलवाईला १९४३ मध्ये गोंड शिक्षकांचं केंद्र सुरू केलं आणि गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली. मारलवाई आमच्या पठारावरून दक्षिणेकडे डोंगरांची एकच रांग धरून गेलं की येतं. शिकवायची भाषा मुलाच्या तोंडातली असावी, हे त्या रांगेत चाळीस वर्षं आधी सिद्ध झालं होतं आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं. राज्य पुनर्रचनेत, १९५६ साली, राजुरा मराठी मुलखात आला आणि दरम्यानच्या साऱ्या आठवणी पलीकडे राहिल्या.

सीमेचं इथलं दुखणं वाचकांना वर्तमानपत्रांतून माहीत असेल. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर अशी चौदा गावं महाराष्ट्रातही मोजली जातात आणि तेलंगणातही. दोन रेशनकार्डं, दोन मतदार याद्या, मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. जंगूबाई देवीच्या जत्रेला मात्र सीमा नाही. पुसाच्या महिन्यात गोंड, कोलाम, परधान दोन्ही राज्यांतून तिच्या गुहेकडे निघतात. आमच्या शाळेची हजेरी त्या दिवसांत रिकामी असे. मीही मग शाळेला कुलूप लावून पोरांमागे जात असे. परधानाच्या किंगरीवर ऐकलेल्या कुळकथा हे माझं इतिहासाचं शिक्षण. दिवाळीत मोरपिसांचे मुकुट घालून येणारे गुसाडी हे माझ्या मुलांचं पहिलं नाटक.

आता दुसरं देणं सांगतो. ते सांगणं थोडं अवघड आहे.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, नांदेड-परभणी-लातूरकडून, माणसं बैलगाड्या घेऊन या पहाडावर चढली. बंजारा होते, हटकर होते, दलित होते. गावात पाणी नाही, काम नाही, आणि इथे जमीन आहे असं कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी झाडं तोडली, दगड वेचून बांध घातले, ज्वारी-कापूस लावला. आज जिवती तालुक्यात त्यांची वस्ती फार मोठी आहे. कोलामांच्या डोळ्यांनी पाहिलं तर त्यांचा माळ आणि मोह या येण्याने आक्रसले. कित्येक कोलाम कुटुंबं आपल्याच शेतावर मजुरी करू लागली, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि ते लपवून चालणार नाही.

पण शाळेपासून मैलभरावर बंजाऱ्यांचा एक तांडा होता आणि तिथे एक याडी, म्हणजे आई, होती. मी एकटा असताना, बायको अजून नागभीडला असताना, तिने मला दोन वर्षं भाकर पाठवली. पैसे घेतले नाहीत. “माझा पोरगा तुझ्या हाताखाली शिकते, त्याची भाकर तुला उष्टी नाही,” म्हणाली. दुष्काळाच्या वर्षी तिचं तान्हं मूल वाटेत, पैनगंगेच्या अलीकडे गेलं होतं, हे तिने मला फार उशिरा सांगितलं, तेही ज्वारी निवडता निवडता. त्या बाईने कुणाची जमीन बळकावली, असं माझ्याने म्हणवत नाही. आणि नाईकबाबाची जमीन गेली नाही, असंही म्हणवत नाही. दोघांचंही अन्नपाणी माझ्या अंगात आहे.

एका भादव्यात मला थंडीताप भरला. पहाडावर हिवताप घरोघरी असे. तिसऱ्या दिवशी मला काही कळेनासं झालं. रस्ता चिखलाने बंद, गाडी वर येणं शक्य नाही. गुड्यातल्या आणि तांड्यातल्या माणसांनी मला बाजेवर घातलं, वरून घोंगडी आणि पळसपानांचं इरलं टाकलं आणि रात्रीतून घाट उतरवला. नंतर मला सांगण्यात आलं की नाल्याला पूर होता, तेव्हा बाज डोक्यावर घेतली होती. पुढच्या बाजूला कोलाम आणि मागच्या बाजूला बंजारे, उतार आला की खांदे बदलत. त्या महिन्यात त्याच दोन वस्त्यांमध्ये एका बांधावरून भांडण चालू होतं आणि बोलणं बंद होतं. बाज खाली पोहोचवून ते परत वर गेले आणि भांडण पुढे चालू राहिलं. मी बरा होऊन आलो तेव्हा नाईकबाबाने मला पहिली गोष्ट विचारली ती ही, की उतरताना बाजेचा पाय मोडला होता, तो तुम्हाला लागला तर नाही ना.

माणिकगडावर मी पोरांना दरवर्षी नेत असे. नागवंशी म्हणवणाऱ्या राजांचा तो किल्ला, दारावर नाग कोरलेला. तटावरून उत्तरेला पाहिलं की सिमेंटच्या कारखान्यांची धुराडी आणि चुनखडीच्या खाणींच्या पांढऱ्या पायऱ्या दिसतात. वर्षागणिक त्या रुंद होत गेलेल्या मी पाहिल्या. मुंबई-पुण्याच्या इमारतींत हा पहाड कुठे कुठे पोचला आहे, हे मी पोरांना सांगायचो. पोरं विचारायची, मग झिरा कुठे जाईल? हा प्रश्न योग्य आहे. काळा खडक आणि चुनखडक जिथे भेटतात तिथेच आमचं पाणी बाहेर येतं, आणि खाण नेमकी तिथूनच खोल जाते.

नाईकबाबा गेला तेव्हा मी बदलीवर मूल तालुक्यात होतो. याडी अजून आहे, तिला आता कमी दिसतं. मी निवृत्त झाल्यावर पहाडावर जाणं वाढलं, कारण आता माझं तिथे काम निघालं आहे. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हापासून लोक दावे भरतात. कोलामाला १३ डिसेंबर २००५ पूर्वी जमीन कसत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. बंजाऱ्याला इकडे त्याच तारखेच्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, कारण महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत मोडतो. पलीकडे, तेलंगणात, त्याच तांड्याचे सोयरे लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत आहेत. १९७२ ला आलेल्या माणसाने १९३० चा कागद आणायचा कुठून? निजामाच्या काळातले कागद उर्दूत, आणि त्यांत कोलामांचीही नावं नाहीत, कारण तेव्हा त्यांना जंगलातून हाकलण्याचं काम चालू होतं.

मला वाटतं, दोघांच्याही प्रश्नाला एकच मोजपट्टी लावून उत्तर निघणार नाही. कोलामांची गेलेली जमीन आधी परत मिळाली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि पन्नास वर्षं दगड वेचणाऱ्या याडीच्या नातवालाही कर्जासाठी, विम्यासाठी, साध्या खताच्या अनुदानासाठी नावावर काहीतरी हवं. हे दोन्ही मी ग्रामसभेत उभं राहून सांगतो. दोन्हीकडचे लोक माझ्यावर रागावतात आणि दोन्हीकडचे मला जेवायला बोलावतात.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर माझ्या हातचं आहे. त्यात बापाचं नाव, जमात, गाव, जन्मतारीख. जन्मतारखा बहुतेक मीच ठरवल्या होत्या, मोहाच्या हंगामावरून आणि पुराच्या वर्षावरून आईला विचारून विचारून. ती पानं आता दाव्यांना जोडली जातात. त्याशिवाय नियमांत आणखी एक सोय आहे: दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचं तोंडी निवेदन लिहून घेतलं तर तोही पुरावा. गेल्या हिवाळ्यात नाईकबाबाचा नातू घरी आला आणि म्हणाला, “गुरुजी, जुनं पाहिलेलं आता तुम्हीच आहात.”

वनहक्क समितीसमोर माझं निवेदन लिहून घ्यायला अख्खी सकाळ गेली. मी सांगत गेलो. उंबराच्या खालचा झिरा आणि त्याच्या खालचा जनावरांचा. त्यांच्या वरच्या अंगाला मारवेलीची पट्टी, जिथे नाईकबाबा ज्वारी पेरायचा. चार मोहाची झाडं, त्यांतलं एक वीज पडून अर्धं जळालेलं. कोलामांच्या भीमय्यक देवाचा दगड. कोलामांची पुरणाची जागा आणि तिच्याभोवती न तोडलेली सालई. कुठल्या बांधावरून कोणत्या वर्षी भांडण झालं आणि बांध आधी कुठे होता. समितीतला पोरगा माझाच विद्यार्थी. तो लिहिता लिहिता थांबून एकदा म्हणाला, “गुरुजी, तिखाडी कुठपर्यंत होती तेही सांगा, त्यावरून नकाशा बरोबर बसेल.” मी ते सांगितलं. दावा ग्रामसभेने मंजूर करून राजुऱ्याला उपविभागीय समितीकडे पाठवला आहे, तिथून तो चंद्रपूरला जिल्हा समितीकडे जाईल. मोजणीच्या दिवशी मी हजर राहावं असं पत्र आलं आहे. तांड्यातल्या दोघांनीही त्याच दिवशी आपल्या बांधाचं सांगायला यायचं कबूल केलं आहे.